दगडांच्या शहरातले चोवीस इंची चाक

एडिंबरोच्या वेव्हर्ली स्थानकावर आगगाडी थांबते ती एका दरीच्या तळाशी. प्रवासी बाहेर पडतो तो पायऱ्या चढतच, आणि वर येऊन पाहतो तो दोन्ही हातांना दोन निरनिराळी शहरे उभी असतात. दक्षिणेस जुने शहर, ज्वालामुखीच्या थिजलेल्या खडकावर बसलेल्या किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत गेलेले. माशाच्या कण्यास दोन्ही बाजूंनी काटे फुटावेत तशा त्याच्या मुख्य रस्त्यास अरुंद बोळ फुटलेले. उत्तरेस नवे शहर. नवे म्हणावयाचे ते केवळ तुलनेने, कारण जेम्स क्रेग या तरुण वास्तुविशारदाने त्याचा आराखडा १७६७ साली केला. तेथील रस्ते सरळ, चौक प्रशस्त, घरे एका ओळीत कवायतीस उभी राहिल्यासारखी. ही दोन्ही शहरे मिळून १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

परंतु दोहोंचे द्रव्य एकच, ते म्हणजे दगड. घरे दगडाची, पदपथ दगडाचे, पायऱ्या दगडाच्या, बागांच्या भिंती दगडाच्या, आणि कित्येक रस्तेही अजून घडीव दगडांचे. पावसाने काळवंडलेला तो वालुकाश्म पाहताना प्रथम मन थोडे उदास होते. पण एखाद्या सायंकाळी तिरपे ऊन पडले की तोच दगड मधाच्या रंगाचा दिसू लागतो. नव्या शहरातील घरांना रस्त्याच्या पातळीखाली तळघराचा मजला असतो आणि त्यास उजेड मिळावा म्हणून घरापुढे खोल चौक खणलेला असतो. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यात पडू नये यासाठी कडेने लोखंडी गजांचे कठडे उभारलेले, आणि प्रत्येक गजाच्या माथ्यावर भाल्यासारखे टोक. असे कठडे या शहरात मैलोगणती आहेत. दगड आणि हे टोकदार लोखंड वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण आज जी हकिगत सांगावयाची आहे ती या दोहोंवाचून घडली नसती.

हकिगत एका चाकाची आहे. २००९ सालच्या एप्रिल महिन्यात साडेपाच मिनिटांच्या आसपासची एक चित्रफीत जगभर पाहिली जाऊ लागली. तिच्यात एक तरुण एडिंबरोच्या अशाच एका टोकदार कठड्यावर सायकल चढवून गजांच्या माथ्यावरून चालवू पाहतो, आणि पडतो. पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. हे पडणे चित्रफितीतून कापून टाकलेले नाही. आरंभ तेथूनच होतो. पुढे तो भिंतींवरून, छपरांवरून, पायऱ्यांवरून, झाडाच्या बुंध्यावरून सायकलीसह असा काही विहरतो की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा उठावा. तो कठडाही अखेर तो पार करतोच. त्याचे नाव डॅनी मॅकआस्किल. त्या वेळी तो एडिंबरोतील एका सायकलच्या दुकानात दुरुस्तीचे काम करीत असे. डेव्ह सोवर्बी या मित्राने सुमारे सहा महिने सवडीसवडीने त्याचे चित्रण केले होते. पुढील वर्षांत ती चित्रफीत तीन कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. पाहणाऱ्यांनी त्याचे धाडस पाहिले. जाणकारांनी आणखी एक गोष्ट पाहिली. त्याच्या सायकलीची चाके ना लहान होती ना मोठी. ती चोवीस इंची होती.

येथे आपल्या वाचकांचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर केलेला बरा. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, तासाच्या भाड्याने सायकल आणून ती शिकण्याचा काळ ज्यांनी पाहिला त्यांस बावीस इंची आणि चोवीस इंची हे शब्द परिचित आहेत. परंतु ते माप चाकाचे नव्हे, फ्रेमच्या उंचीचे. त्या दोन्ही सायकलींची चाके अठ्ठावीस इंचीच असत. पाय पोचत नाही म्हणून फ्रेमच्या त्रिकोणातून पाय घालून, वाकड्या अंगाने, अर्धे अर्धे पेडल मारीत आपण जी सायकल शिकलो ती मोठ्या माणसांच्या मापाची होती. आपल्या मापाची सायकल असावी ही कल्पनाच त्या वेळी चैनीची वाटे. हे आठवण्याचे कारण असे, की ज्या खेळाविषयी येथे लिहीत आहे तो सायकलीचा खेळ मुळात मुलाच्या मापाची सायकल केल्यामुळेच जन्मास आला.

त्या खेळास ट्रायल्स म्हणतात. त्यात शर्यत नसते, वेगाचे महत्त्व नसते. खडक, ओंडके, ओढ्याचे पात्र, चिखलाचा चढ अशा बिकट वाटेवरून वाहन न्यावयाचे आणि पाय भुईला लागू द्यावयाचा नाही, एवढेच. पाय एकदा टेकला तर एक गुण दंडाचा, दोनदा टेकला तर दोन, तीनदा वा अधिक वेळा टेकला तर तीन, आणि वाहन थांबले वा कोसळले तर पाच. ज्याचे दंडाचे गुण सर्वांत कमी तो विजयी. खेळाडूने काही मिळवावयाचे नसते, फक्त गमावू द्यावयाचे नसते. अशी नीती असणारे खेळ जगात थोडेच असतील.

हा खेळ आधी मोटारसायकलीचा होता, आणि त्याचे एक जुने घराणे या एडिंबरोतच आहे. येथील एडिंबरो अँड डिस्ट्रिक्ट मोटर क्लबने १९०९ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून मोटारसायकलींची अनेक दिवसांची कसोटी घेतली. पुढे ती सहा दिवसांची झाली आणि स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल या नावाने जगात गाजली. त्या काळी मोटारसायकल हे नवलाचे वाहन होते आणि ते डोंगरात टिकते की नाही हे पाहणे हाच कसोटीचा अर्थ होता. वाहने सुधारली, टिकाऊपणाचा प्रश्न उरला नाही, तेव्हा कसोटी वाहनाची न राहता चालवणाऱ्याची झाली. स्कॉटलंडमधील सर्वांत उंच पर्वत बेन नेव्हिस; त्याच्या पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावी आजही दर वर्षी मे महिन्यात ही स्पर्धा भरते. गावातले लोक खुर्च्या घेऊन ओढ्याकाठी बसतात, आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांच्या फडाभोवती बसावे तसे.

या स्पर्धेत अनेक दशके ब्रिटिश गाड्यांचे राज्य होते. बेलफास्टचा सॅमी मिलर हा त्या काळचा थोर खेळाडू. त्याची पाचशे सीसीची एरियल गाडी तिच्या जी.ओ.व्ही. १३२ या क्रमांकाने ओळखली जाई. १९६४ च्या अखेरीस हा मिलर स्पेनमधील बुल्ताको कंपनीकडे गेला. बार्सिलोनाजवळच्या खडकाळ टेकड्यांत त्याने कंपनीच्या माणसांबरोबर एक हलकी, दोन-स्ट्रोक, २४४ सीसीची गाडी सिद्ध केली. तिचे नाव शेर्पा. १९६५ साली तिच्यावर बसून त्याने सहा दिवसांची ती स्कॉटिश स्पर्धा जिंकली. अवजड ब्रिटिश गाड्यांचा काळ तेथे संपला, आणि खेळाचे केंद्र स्कॉटलंडच्या पीटभरल्या माळावरून कातालोनियाच्या उन्हात सरकले. बुल्ताको, मोंतेसा आणि ओस्सा हे तिन्ही कारखाने बार्सिलोनाच्या परिसरातलेच. ज्या शहराकडे जग गाउदीची मंदिरे पाहण्यास जाते त्याच शहराच्या कडेला, यंत्रांच्या तेलकट छपरांखाली, जगातील उत्तमोत्तम ट्रायल्स गाड्या घडत होत्या.

त्यांपैकी मोंतेसामध्ये पेरे पी नावाचा खेळाडू होता. तो मोटोक्रॉसमधील स्पेनचा विजेता, आणि मोंतेसाची कोता ही प्रसिद्ध ट्रायल्स गाडी घडविण्यात त्याचा मोठा हात. १९७० साली त्यास मुलगा झाला. त्याचे नाव ओत. बाप दिवसभर गाडी खडकांवरून उडवितो हे पाहणाऱ्या मुलास काय हवे असणार? तेच हवे असणार. लहान मुलास इंजिनाची गाडी देणे शक्य नव्हते; म्हणून बापाने त्यास सायकल दिली, पण ती ट्रायल्सच्या गाडीसारखी. लहान भक्कम चाके, जमिनीपासून उचललेले पेडल, रुंद हँडल. या खेळास स्पॅनिशमध्ये नाव मिळाले त्रियालसिन. ‘सिन’ म्हणजे विना; विना इंजिनाची ट्रायल. पुढे मोंटी या नावाने अशा सायकली बनू लागल्या, आणि ओत पी मोठा होऊन या खेळाचा अनेकवार जगज्जेता झाला.

मोंतेसाचा मूळ धंदा मात्र पुढे डबघाईस आला. बुल्ताको आणि ओस्सा बंद पडल्या, मोंतेसा जपानी होंडाच्या ताब्यात गेली. मोटारींचे ते वैभव ओसरत असताना मुलाच्या खेळण्यातून एक नवा धंदा आणि एक नवा खेळ उभा राहिला, हे मला त्या हकिगतीतील सर्वांत लोभस वाटते.

त्या सायकलीची चाके वीस इंची होती. हे माप कोणा शास्त्रज्ञाने शोधलेले नाही. १९६३ पासून अमेरिकेत मुलांच्या ज्या सायकलींची लाट आली आणि पुढे ज्यांतून बीएमएक्स निघाला त्यांची चाके वीस इंची. म्हणून रिम आणि टायर बाजारात तयार मिळत. लहान चाकाचे आरे आखूड, म्हणून ते मजबूत. वजनास हलके, म्हणून उचलण्यास सोपे. स्पर्धेतील खेळाडू मागच्या एका चाकावर उभा राहून बेडकासारखा खडकाखडकांवर उड्या मारतो. त्या कामास हे चाक उत्तम. म्हणून आजही स्पर्धेची सायकल पाहिली तर तीस सीटच नसते. बसावयाचेच नाही तर सीट कशास हवी!

दुसरे माप आले ते कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून. सॅन फ्रान्सिस्कोजवळ टॅमलपाइस नावाचा पर्वत आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्यापुराण्या, फुगीर टायरांच्या सव्वीस इंची सायकली डोंगरमाथ्यावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडीत. यातून पर्वतीय सायकल जन्मली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हान्स रे हा जर्मन खेळाडू कॅलिफोर्नियात गेला आणि त्याने या सव्वीस इंची सायकलीवर ट्रायल्सचे कसब दाखवून ते लोकप्रिय केले. मग स्पर्धांतही दोन वर्ग पडले, विशीचा आणि सव्विशीचा. जागतिक सायकल संघटनेच्या स्पर्धांत पुरुषांचे हे दोन वर्ग दीर्घकाळ चालत आले. एकास मुलाचे चाक म्हणा, दुसऱ्यास डोंगराचे. मध्ये काही असावे असे नियम करणाऱ्यांस वाटण्याचे कारणच नव्हते.

येथे पुन्हा एडिंबरोकडे वळू. प्रश्न असा, की या शहरातील तरुणास मधले चाक का हवे होते?

स्पर्धेची वाट आखलेली असते. खेळाडू एका अडथळ्यापुढे उभा राहतो, तोल सावरतो, श्वास घेतो, उडी मारतो. शहरात तसे नसते. शहरातील अडथळा म्हणजे पन्नास पावले सपाट पदपथ, मग एकदम कमरेएवढी भिंत, भिंतीवरून चार यार्ड धाव, पलीकडे दोन पुरुष खोल उतार, खाली पुन्हा घडीव दगडांचा रस्ता. येथे सायकल धावली पाहिजे, वळली पाहिजे, हवेत फिरली पाहिजे आणि उंचावरून आदळल्यावर मोडता कामा नये. वीस इंची चाक आदळणे सोसते, पण खडबडीत दगडांच्या फटींत ठेचाळते आणि धावताना गती राखत नाही. सव्वीस इंची चाक छान धावते, पण हवेत फिरवावयास जड आणि आडव्या हादऱ्यास कमी पक्के. एकाच प्रकारची रिम व टायर धरून हिशेब मांडला तर फिरत्या चाकाचा जडपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे चोविसाऐवजी सव्वीस घेतले तर जडपणा सुमारे सव्वापट होतो. विसाऐवजी सव्वीस घेतले तर तो दुपटीहूनही अधिक. दोन इंचांत असे काय, असे म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा.

आणखी एक मौज सांगतो. चाकांची ही नावे ढोबळ आहेत. ज्या जागी टायर रिमवर बसतो तेथील व्यास मोजला तर वीस इंची चाक ४०६ मिलिमीटरचे, चोवीस इंची ५०७ चे आणि सव्वीस इंची ५५९ चे भरते. मधले चाक म्हणावे तर ते धाकट्यापासून १०१ मिलिमीटर दूर आणि थोरल्यापासून केवळ ५२. पुष्कळ घरांतले मधले भावंड असेच असते. नावाला मधले, वळणाने थोरल्यावर गेलेले.

हे चोवीस इंची चाकही कोणी नव्याने ओतलेले नव्हते. बीएमएक्स खेळणारी मुले मोठी झाली, त्यांस वीस इंची सायकल तोकडी पडू लागली, तेव्हा १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्यांच्यासाठी क्रूझर नावाच्या चोवीस इंची सायकली निघाल्या. ती रिम, ते टायर तयार होते. ब्रिटनमधील रस्त्यांवर ट्रायल्स खेळणाऱ्यांनी ते उचलले, त्यास ट्रायल्सचे ब्रेक आणि ट्रायल्सची आखूड मागली बाजू जोडली, आणि ट्रायल्सवाल्यांनी काढून टाकलेली सीटही, अगदी खाली बसवून, परत आणली. इन्स्पायर्ड या ब्रिटिश नाममुद्रेची फोरप्ले ही चोवीस इंची सायकल हेच डॅनीचे वाहन. चित्रफितीचे नावही त्या सायकलींचेच होते. खेळाची ही शाखा ‘स्ट्रीट ट्रायल्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि चोवीस इंची चाक हेच तिचे माप ठरले. हे ठरविण्यास समिती बसली नाही, नियमावली निघाली नाही. माझ्या मते ते ठरविले एडिंबरोसारख्या शहरांच्या पायऱ्यांनी आणि भिंतींनी.

आणि येथेच मला या हकिगतीचे वर्तुळ पुरे झालेले दिसते. ज्या शहरातील क्लबने १९०९ साली मोटारसायकलींना डोंगरात नेले, त्या शहरातून निघालेला खेळ एका आयरिश माणसाबरोबर स्पेनला गेला, तेथे बापाने मुलासाठी त्याचे इंजिन काढून टाकले, आणि बरोबर शंभर वर्षांनी, २००९ साली, तो इंजिनाविना त्याच शहराच्या कठड्यांवर परत आला. योगायोगच, पण डोळ्यांत भरणारा.

शहरवासीयांस हे सगळेच रुचते असे मात्र नाही. जुन्या दगडावर सायकलीचा पेडल घासला तर ओरखडा उठतो, आणि दोनशे वर्षांच्या पायरीचा कोपरा एकदा उडाला की तो परत बसवता येत नाही. विद्यापीठाजवळच्या ब्रिस्टो चौकात मुले सायकली आणि चाकांच्या फळ्या घेऊन जमतात. तेथे बसून पाहिले तर दोन्ही बाजू कळतात. एक मुलगा पायरीवर चढण्याचा यत्न अर्ध्या तासात तीस-चाळीस वेळा करतो, दर वेळी खाली येतो, हँडल सरळ करतो आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहतो. कोणी टाळी वाजवीत नाही, कोणी हसतही नाही. शेजारून एक वयस्क गृहस्थ कपाळास आठ्या घालून जातात. मला दोघांचेही म्हणणे पटले. दगड जपलाच पाहिजे. पण जपलेल्या दगडाशी मुलांचा काही संबंध उरला नाही तर तो दगड कोणासाठी जपावयाचा, हेही कोणी तरी सांगावे.

डॅनी एडिंबरोचा नव्हे. तो वायव्येकडील स्काय बेटावरचा, डनव्हेगन गावचा. जन्म डिसेंबर १९८५ चा. स्कायला आगगाडी जात नाही. इन्व्हर्नेसहून निघालेली गाडी समुद्रकाठी काइल येथे थांबते आणि तेथून १९९५ साली बांधलेल्या पुलावरून बेटावर जावे लागते. बेट विलक्षण सुंदर आणि विलक्षण ओसाड. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी येथील कुळांस घरांतून हुसकावले. हजारो माणसे जहाजे भरून कॅनडास गेली. १८८२ साली ब्रेस येथील कुळे पोलिसांशी दगडांनी लढली, आणि चार वर्षांनी कुळांस जमिनीवर हक्क देणारा कायदा झाला. तोपर्यंत पुष्कळ गावे भुताची झाली होती. छप्पर नसलेल्या घरांच्या भिंती अजून गवतात उभ्या आहेत.

डनव्हेगनात मॅकलिऑड घराण्याचा किल्ला पाहण्यासाठी प्रवासी येतात. पण त्याच गावात डॅनीच्या वडिलांनी १९८९ साली एक लहानसे संग्रहालय उभारले, अँगस मॅकआस्किल या महाकाय पुरुषाचे. हा अँगस १८२५ साली हेब्रिडीज बेटांत जन्मला आणि बालपणीच कुटुंबाबरोबर कॅनडातील केप ब्रेटनला गेला. त्याची उंची सात फूट नऊ इंच. टॉम थंब नावाचा सर्कशीतला ठेंगू त्याच्या तळहातावर नाचत असे, असे सांगतात. मोठ्या आणि लहान मापांच्या अशा कथांत वाढलेल्या मुलाने पुढे मधल्या मापाचे चाक जगास माहीत करून द्यावे, याचे हसू आल्याशिवाय राहत नाही.

या गावात सायकलीचे मैदान नव्हते, शिकविणारा नव्हता. ‘चेनस्पॉटिंग’ नावाची १९९७ सालची एक व्हिडिओ कॅसेट होती. तीत हान्स रे, मार्टिन अ‍ॅश्टन आदी खेळाडू होते. मुलाने ती पाहिली आणि गावातल्या भिंती, टेलिफोनची खोकी, घाटावरचे दगड हेच आपले मैदान केले. शाळा संपल्यावर बेटावर काम नाही म्हणून तो एव्हिमोर येथे सायकलच्या दुकानात लागला, आणि तेथून २००६ साली एडिंबरोस आला. बेटांवरची मुले वर्षानुवर्षे हेच करीत आली आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी कोकण वा देश सोडला तो याहून फार निराळ्या कारणाने नव्हे. चित्रफितीनंतर त्याने दुकानातील काम सोडले. २०१० साली त्याने दुसरी चित्रफीत केली. तिच्यात तो एडिंबरोहून निघून ठिकठिकाणचे पूल, धरणे, तटबंद्या ओलांडीत स्कायला पोचतो. तिचे नाव ‘वे बॅक होम’, घरची वाट. तीत सायकल अर्थात चोवीस इंचीच.

पण २०१४ साली तो क्युलिनच्या पर्वतरांगेवर गेला तेव्हा त्याने ते चाक बरोबर नेले नाही. क्युलिन हे स्कायचे मुकुटस्थान, गॅब्रो नावाच्या काळ्या, कानशीसारख्या खरखरीत खडकाचे. तेथील सर्वांत उंच शिखर ९९२ मीटरचे. शेजारच्या स्गुर डिअर्ग शिखरावर दगडाची एक सरळ पाती उभी आहे, तीस लोक ‘अगम्य सुळका’ म्हणतात आणि तिच्यावर चढावयास दोर लागतो. त्या कडेवरून सायकल चालवावयाची म्हणजे दोन्ही बाजूंस शेकडो फूट पोकळी. तेथे पायऱ्या नाहीत, कठडे नाहीत, हवेत गिरकी घेण्यास जागा नाही. तेथे खडकावरून खडकावर गती राखून उतरावयाचे. म्हणून त्याने मोठ्या चाकांची पर्वतीय सायकल घेतली आणि ती पाठीस बांधून सुळक्यावर नेली. खाली उतरून माळावर आल्यावर वाटेत काटेरी तारेचे कुंपण आले, तेव्हा मात्र त्याने सायकलीसह त्यावरून कोलांटी उडी मारली. कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या की नाही, हे चित्रफितीत पाहण्याचे भान कोणास राहत नाही.